वाटेत निजायचं नाही

३ फेब्रु., मंगळ.
पुन्हा तेच. डब्यातला दहीभात जेमतेम चार घास, आणि बेंबीखाली डावीकडे पीळ. ऑफिसातल्या आजाऱ्यांच्या खोलीत जाऊन उजव्या कुशीवर पडले, गुडघे छातीशी. दहा मिनिटांत आतून काहीतरी अलगद सुटलं. दुखणं गायब. मग उठवेना. एसीची घरघर लांबच्या समुद्रासारखी. अर्धवट स्वप्न पडलं, आईच्या जुन्या साडीचा पडदा, मी त्याच्यामागे लपलेय आणि कुणीच शोधत नाहीये.
मंदारला फोन केला. "गॅस गं. ओवा खा." दोन वर्षं नवऱ्याचं हेच औषध. ओव्याची बरणी झालीय माझी.

८ फेब्रु., रवि.
आज फारच. मंदार पुण्याला, मी इथे चेन्नईत एकटी. शेजारच्या सरोजाक्का ऑटो करून घेऊन निघाल्या. तंजावरच्या त्या, मराठी जुन्या वळणाची, बोलतात तमिळ हेल काढून. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून गुडघे पोटाशी. मैलापूरच्या देवळाचं गोपूर आडवं होऊन सरकत गेलं, छान वाटलं. हॉस्पिटलच्या दारात दुखणं बंद!
स्कॅन स्वच्छ. तरुण डॉक्टर हसला, "टेन्शन घेता का?" कागदावर, 'दोष आढळला नाही'.
अय्या, हे तर माझंच वाक्य! गाडी खडखडते म्हणून गिऱ्हाईक येतं, आमच्या टेस्टिंगला उभी केली की गाडी गप्प. तेच तीन शब्द लिहून मी परत पाठवते. किती जणांना खोटं पाडलं असेल मी. लाज वाटली.

९ फेब्रु., सोम.
स्वतःच वेळ घेऊन सर्जनबाईंना भेटले. गाड्यांचं सांगितलं, कुशीवर पडलं की सुटतं तेही. त्या एकदम पुढे सरकल्या. गर्भाशयाला दोन्ही बाजूंनी धरणारा पातळ पडदा असतो. क्वचित एखादीच्या त्यात भोक असतं, आतड्याचा वेढा आत शिरतो, पुन्हा निघतो. "तुम्ही तो दर वेळी सोडवून माझ्याकडे येता. दुखत असतानाच या. लगेच. वाटेत निजायचं नाही."
म्हणजे पडदा खराच होता. फार हलकं वाटलं. घाबरायचं राहूनच गेलं.

१२ फेब्रु., गुरु.
(१४ला लिहितेय.) सकाळी कॉफी घेताना आलं. अक्कांना हाक मारली. ऑटोत मी कलंडायला लागले की त्या दंड धरून सरळ करायच्या. "निजू नको. बैस." मी रडले, शिव्याही दिल्या. वाटेत एकाला एक लागून सिग्नल. स्कॅनमध्ये सापडलं! रडतारडता हसले मी. लगेच ऑपरेशन.
भूल चढताना पडदा वाऱ्यावर हलत होता. मी भोकातून पलीकडे पाहिलं. पलीकडेही दुपारच होती.

१४ फेब्रु., शनि.
पोटावर तीन चिकटपट्ट्या, बस. दुर्बिणीतूनच वेढा सोडवला, भोक शिवलं. पण तेवढा तुकडा काळानिळा पडला होता. गरम पाण्याने शेकत बाई थांबल्या, हळूहळू गुलाबी झाला, म्हणून कापला नाही. "वारा सरला की समजायचं, चालू झालं. नाहीतर पोट उघडावं लागेल."
मंदार परवाच आला. उशाशी बसून म्हणाला, "ओव्याचं परत बोलणार नाही." मी म्हटलं, बोलून दाखव.
सगळे माझ्या पादण्याची वाट बघतायत. आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता.

१५ फेब्रु., रवि.
अजून नाही. पोट थोडं फुगलंय. भीती वाटते, खरंच वाटते.
दुपारी अक्का आल्या. पायाशी बसून माझं पांघरूण सारखं केलं. मग, "मी निजू दिलं नाही, म्हणून काळं पडलं काय?"
"नाही अक्का. म्हणून तर सापडलं." सर्जनबाईही हेच म्हणाल्या होत्या. अक्कांना पटलं नाही. पदर तोंडाला लावून बसल्या, बसल्याबसल्या डोळा लागला.
उन्हात खिडकीचा पडदा हलतोय. माझेही डोळे मिटतायत. आत्ता आत काहीतरी गुडगुडलं. एकदाच. उठवून सांगावं का? नको. पुन्हा वाजू दे.