आईचा रकाना

अण्णा, परवा निपाणीला जाऊन आले. शिरगणतीच्या वेळी ओढ्यापाशी थांबून तुम्ही "हितं गाव संपलं" म्हणाला होतात, तिथे आता तंबाखूच्या वखारी आहेत. त्यांच्यापलीकडे वखारीत काम करणाऱ्या बायांची घरं, आणि त्याही पलीकडे नुसत्या चुन्याने आखलेल्या जागा, अजून न बांधलेल्या घरांच्या. हवेत तोच तंबाखूचा खकाणा. शिंकत शिंकत मी हिंडत राहिले आणि कुठल्या वर्षातून चालतेय हेच मला कळेना.

मी दहा वर्षांची आहे, हातात गेरूचं भांडं आहे. शाळामास्तर म्हणून मोजणीचं काम तुमच्या गळ्यात पडलंय आणि बाया परक्या पुरुषासमोर येत नाहीत म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंय. तुम्ही दारावर आकडा घालता, मी आत जाते. नवऱ्याचं नाव कुणी सांगत नाही. मग मीच एकेक नाव घ्यायचं, बाईने पदर तोंडाला लावून मान हलवायची, आणि बरोबर नाव आलं की हसायचं. एका घरात अर्धी सकाळ जायची, तरी तुम्ही कधी चिडला नाहीत. वखारीचा राखणदार म्हणाला, "ही चार महिन्याची माणसं मास्तर, ह्यांस्नी कशाला मोजताय?" तुम्ही म्हणालात, "आज हितं हाईत न्हवं? मग हितलीच." एका म्हातारीने विचारलं, "घरात कानडी बोलतो, बाजारात मराठी. काय लिवणार?" तुम्ही टाक खाली ठेवलात. "आज्जी, राग आला की कुठली येती?" "कानडीच की." तुम्ही कानडी लिहिलंत. त्या दिवशी माझे वडील मला सगळ्या गावाहून मोठे वाटले.

मग आपलं घर. आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसून सगळ्यांची नावं, वयं भरलीत आणि भाषेच्या रकान्यात एका दमात खालपर्यंत मराठी लिहीत गेलात. आई चुलीपासूनच म्हणाली, "मला न्हाई इचारलं."

"तुझं मला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय म्हणूनच इचारा."

तुम्ही हसलात आणि कागद गुंडाळून उठलात. तव्यावरची भाकरी करपली, ती आईनेच खाल्ली. हुक्केरीपलीकडून ती आपल्या घरात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आपण सगळे तिच्याशी मराठीत बोललो, म्हणून तीही बोलली. कानडी फक्त गोठ्यात. "बा, तंगी, बा," म्हणून म्हशीला बोलवायची, धाकट्या बहिणीला बोलवावं तशी, आणि आपण हसायचो.

अण्णा, मला तुमचा फार राग आला होता. तुम्ही गेल्यावरही तो गेला नाही. लोक तुमच्या सचोटीचं कौतुक करायचे आणि मला ती करपलेली भाकरी दिसायची.

तुमच्या पश्चात आई माझ्याकडे बेळगावात राहिली. तिथेही मोजणी आली. मोजणीचा माणूस तरुण होता, पण रीतीचा. थेट तिच्याकडे वळून त्याने विचारलं, "आजी, तुमची भाषा कोणची?" आई तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला. सोप्यात आमच्या ह्यांचे वकील मित्र बसले होते. सीमेवरच्या गावांत मराठी किती, कानडी किती, याचाच वाद रंगला होता. आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मराठीच लिहा की." त्याने लिहिलं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सूप परत मांडीवर घेतलं. पुढे दोन वर्षं ती माझ्याजवळ होती. मी विषय काढला नाही, तिनेही नाही.

तुम्हाला जाब विचारायचा म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आता ते तुमच्याकडे धाडावंसं वाटत नाही. हे खरं तर आईला लिहायला हवं होतं. पण तिच्या भाषेत मला एक सबंध वाक्यही येत नाही.