पोरगी येऊन राहिली

आई,

तुझ्या हुडकेश्वरच्या घरात बसून लिहिते आहे. भर दुपार आहे. कूलरमध्ये पाणी भरायला मी विसरले, त्यामुळे तो नुसती गरम हवा फेकतोय. तू असतीस तर बादली आपटत आली असतीस. तू गेलीस त्याला दशक उलटून गेलं. मधे भाडेकरू राहून गेले, त्यांनी तुझ्या स्वयंपाकघराला असा काही हिरवा रंग दिलाय की तू त्यांना उभं करून विचारलं असतंस, डोळे बाजारात विकले का रे बाबांनो? कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी इथे पाठवलं आहे. आज संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे, हो किंवा नाही, आणि त्या उत्तराबद्दल मला कोणाशी तरी बोलायचं आहे. तुझ्याशिवाय आहे कोण मला?

मी त्या बेटावर नोकरीला निघाले तेव्हाचा दिवस आठवतो. सदर बाजारातल्या दुकानातून नकाशा आणून तुला दाखवत होते. बेट इतकं लहान की माशी बसली तर झाकून जाईल. तू कणीक मळत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "पिकते काय वं तिथं?" मी म्हटलं, बटाटे, थोड्या गाई, मासे. "मंग लोकं खातेत काय?" मी म्हटलं, जगभरच्या श्रीमंतांचे पैसे सांभाळतात, त्याच्यावर जगतात. "म्हणजे सावकार?" सावकार नाही गं, सावकारांची तिजोरी. तुला हे फार आवडलं. "मंग बरं आहे," म्हणालीस, "गिरणीसारखं बंद नाही पडायचं. पैसा काही सूत नाही, तुटाले." आणि दुसऱ्या दिवशी तिबेटी लोकांच्या बाजारातून माझ्यासाठी लाल स्वेटर घेऊन आलीस. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. मी हसले तर म्हणालीस, थंडी मोठी आहे ना तिथली, स्वेटरही मोठाच पाहिजे. तो स्वेटर मी अजून घालते, बाह्या दुमडून.

गिरणीचं तुझ्याइतकं कोणाला कळत होतं! बाबा गेल्यावर तू गिरणीच्या फाटकासमोर, आपल्या तेव्हाच्या घरात, खानावळ काढलीस. भोंगा झाला की आपल्या घरात भात उतरायचा. डाळभाजी, वांगी, मिरचीचा ठेचा, आणि माणसं अंगावर कापसाची भुरी घेऊन जेवायला बसायची. आपल्या मोहल्ल्यात शिंपी, न्हावी, पानवाला, सायकलवाला, सगळ्यांचा तवा त्या एका भोंग्यावर तापायचा. म्हणून गिरणीला कोणी वाईट बोलायचं नाही. बाबा खोकून खोकून गेले, तरी तू एक शब्द काढला नाहीस. मी एकदा शाळेतून शिकून आल्यासारखी बोलले, या गिरणीनंच मारलं त्यांना. तू हातातलं उलथनं माझ्यासमोर धरलंस. "जिच्यावर पोट भरते तिले नाव ठेवाचं नाही," म्हणालीस. मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. पुढे भोंगा थांबला. पहिल्या दिवशी तू सवयीनं तेवढाच भात टाकलास आणि संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत बसलीस. तो भात आपण कसा संपवला ते मला आठवत नाही. तुझी ती पाठ मात्र आठवते.

बेटावर गेल्यावर मला वाटलं होतं की जगाच्या दुसऱ्या टोकाला आले. कसलं काय! आपलाच मोहल्ला, फक्त समुद्र जास्तीचा. टपाल वाटणाऱ्याची मुलगी आमच्या ऑफिसात, खाटकाचा जावई शेजारच्या ऑफिसात, शाळेच्या मैदानाला पैसे ऑफिसांचे, चर्चचं छप्पर ऑफिसांच्या देणगीतलं. बटाट्याचे शेतकरीसुद्धा सुनेच्या पगाराकडे बघून बटाटे लावणारे. बाहेरचा कोणी म्हणाला की तुमच्याकडे लोक कर चुकवायला पैसे ठेवतात, तर सगळे एकदम गप्प बसायचे आणि हवेबद्दल बोलायला लागायचे. मला ते गप्प बसणं ओळखीचं होतं. ऑफिसच्या खाली एक म्हातारी दुपारचं जेवण द्यायची. नवरा मासेमारीत गेला, तेव्हापासून ती एकटीच चूल सांभाळणारी. मी पहिल्या आठवड्यात सूप अर्धं टाकलं तर तिनं वाडगा परत माझ्यासमोर सरकवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी निमूट संपवलं. त्या दिवसापासून वीस वर्षं मी दुसरीकडे जेवले नाही.

आता ते सगळं काम हलतंय, आई. कागद तपासायचे, खाती लिहायची, बँकांना उत्तरं पाठवायची, बेटावर हे सगळं महाग पडतं म्हणे. स्वस्तात कुठे होईल याचा शोध लागला आणि निघालं कुठलं गाव? नागपूर! मी मीटिंगमध्ये खुर्चीवरून पडायचीच राहिले. मी इथली, म्हणून मलाच पाठवलं, ऑफिस उभं करून दे. आता म्हणतात, कायमची तिथेच थांब आणि तूच चालव. हे आजचं उत्तर. मी नाही म्हटलं तर काम बहुतेक एक वर्ष तरी पुढे ढकललं जाईल, कारण दोन्हीकडचं जाणणारं दुसरं कोणी त्यांच्याकडे नाही. त्या वर्षात बेटावरची माणसं काही हातपाय मारतील. मी हो म्हटलं तर पावसाळ्याच्या आतच वरचे दोन मजले रिकामे. मग खालच्या चुलीवर सूप कोणासाठी शिजणार?

निघताना म्हातारीनं मला वाटेसाठी पाव बांधून दिला. तिला सगळं कळलं होतं, लहान गावात काय लपतं! म्हणाली, "तुझ्या गावाला चाललंय म्हणतात काम. तुझं गाव चांगलं असलं म्हणजे झालं." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे आले तर विमानतळापलीकडच्या त्या नव्या इमारतीसमोर, अजून आत खुर्च्या लागल्या नव्हत्या तेव्हाच, एक बाई तर्री-पोह्यांचं दुकान मांडून बसलेली. मला बघून म्हणाली, "ताई, तुमचंच ऑफिस चालू होऊन राहिलं ना? किती पोरं येतीन?" मी म्हटलं, येतील बरीच. तिनं पोह्यांवर तर्री ओतली, पैसे घेईना. मग हळूच विचारलं, "टिकन ना पण, ताई?" मी तोंडात घास घेतला. प्रताप नगरची एक मुलगी मुलाखतीला आली होती, तिची आई उन्हात गाडीजवळ डबा घेऊन थांबलेली. तिला मी आत बोलावून पंख्याखाली बसवलं. आता तूच सांग, कोणाच्या पोटावर पाय द्यायचा? तुला विचारतेय आणि तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तू हयात नसताना विचारतेय, उत्तर ऐकावं लागत नाही.

परवा कुंपणावरून शेजारीण बोलली. पुण्याची, लग्न होऊन या गल्लीत नवीनच आली होती तेव्हा तू होतीस, आता तिचे केस पिकलेत. म्हणाली, "ताई, तुमच्या आईंनी एकदा मला काय फसवलं माहितीये?" एका दिवाळीला मी तुला फोनवर म्हटलं होतं की येते. तू तिला सांगितलंस, "पोरगी येऊन राहिली." आपल्याकडे याचा अर्थ निघाली आहे, येते आहे. ती पडली पुण्याची, तिला वाटलं मुलगी आली आणि राहिलीसुद्धा. ताट भरून फराळ घेऊन तुझ्या दारात हजर. आणि तू, आई, तू तिला चूक नाही सांगितलीस! म्हणालीस, "झोपली आहे आत. लय लांबून आली." ताट ठेवून घेतलंस. दुसऱ्या दिवशी तिला ऐकू आलं, रिकाम्या घरात तू मोठ्यानं म्हणत होतीस, "ऊठ वं, चहा झाला." तिला कळलं होतं, कारण दोरीवर एकच पातळ वाळत होतं. तरी तिनं दोन वाट्या खीर पाठवली. तेवढं बोलून ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. त्या वर्षी मला सुट्टी मिळाली नव्हती. तू फोनवर म्हणाली होतीस, "नाही आली तं काय झालं, कामच आहे."

आत येऊन मी त्या हिरव्या स्वयंपाकघरात खूप रडले, आई. तू काय त्या खिरीच्या दोन्ही वाट्या एकटीनंच खाल्ल्यास?

हा कागद कुठे टपालात टाकायचा आहे म्हणा. यावर संध्याकाळी मेथी निवडेन, देठं यातच गुंडाळून फेकेन. पण त्याआधी एक सांगते. वर लिहिलं ना, संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे म्हणून? सकाळीच दिलं. हो म्हटलं. प्रताप नगरच्या पोरीसाठी नाही, पोहेवालीसाठी नाही; ती कारणं मी ऑफिसला सांगितली, त्यांना पटलीही. म्हातारीचा चेहरा समोर असतानाच हो म्हटलं. तू घरी नाहीस, हे मले ठाऊक आहे. तरी मले घरी यायचं होतं वं.