मेकॅनिक बोलव

भिवंडी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

रवी,

जयभीम. स्मृतिदिनाची पत्रिका पोचली. फोटो बरा शोधलास. बाबांचं तोंड बंद असलेला एक तरी फोटो आपल्या घरात होता म्हणायचा!

इथे सगळे ठीक. तुझ्या दाजींची गोदामातली शिफ्ट बदलली, आता सकाळची ड्युटी असते. माझ्याकडे लग्नसराईचे ब्लाउज ढीगभर पडलेत, त्यामुळे त्या दिवशी यायला जमेलसं वाटत नाही.

हे ब्लाउजचं खोटं आहे. कळलंच असेल तुला.

फोनवर तू म्हणालास, "ताई, बुद्धवंदना झाली की आदरांजलीला तू दोन शब्द बोल. शेवटी बाबा आमच्याकडे किती समाधानात होते तेवढं सांग. सोसायटीतली माणसं येणारेत." मी "बघते" म्हणून फोन ठेवला. आज लिहायला बसले, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. हा गुण कुणाचा घेतलास कोण जाणे, बाबांचा तर नक्कीच नाही.

आणि दोन शब्द? बाबांवर? जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर म्हणून राबले. बिघडलेले लूम चालू करायचे आणि त्या खडखडाटात ओरडून बोलायचं, दोन्ही सवयी घरी घेऊन यायचे. आपल्याकडे आज काय शिजलंय ते अख्ख्या चाळीला माहीत असायचं. बारा तास उभं राहून आलेला माणूस, पण दारात कुणाची शेगडी, कुणाचा रेडिओ दिसला की थकवा कुठल्या कुठे. वस्तू ठेवून निघून जायची सोय नव्हती. मालकाने शेजारी बसायचं. "कवा बंद पडला? आधी आवाज कसा करीत व्हता? पोरीचं लगीन ठरलं का न्हाय?" मालक गप्प बसला तर वस्तूशीच बोलायचे, "काय गो बाय, कशाला रुसलीस?" दहा मिनिटांच्या कामाला दीड तास. आई चहा करून करून वैतागायची.

आई गेल्यावर तू त्यांना काल्हेरला तुझ्या फ्लॅटवर नेलंस, त्याला मी नावं ठेवत नाही. खोली दिलीस, बाल्कनी दिलीस. महिन्याभरात वॉचमनचा पंखा झाला, चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर झाला, तुझ्या लेकीची सायकल झाली. संघरत्ना मला म्हणाली होती, "आत्या, आजोबा आले आणि मला बिल्डिंगमधल्या लोकांची नावं कळली."

वॉशिंग मशीनचंही मला ठाऊक आहे. चालू मशीन उघडायची काही गरज नव्हती. "आवाज येगला येतोय" म्हणून उघडली, पाइप नीट बसला नाही, खालच्यांच्या छताला ओल धरली. ते भांडायला आले. तू चिडलास. अरे, मीसुद्धा चिडले असते, तोंडावर बोलले असते. बाबांनी ऐकून घेतलं असतं आणि वर तुलाच वॉशर कसा बसवतात ते शिकवलं असतं.

तू त्यांना चकार शब्द बोलला नाहीस. सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलंस, वडिलांचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, कृपया त्यांच्याकडे काही दुरुस्तीला देऊ नये.

संघरत्नाने मला सांगितलं असं समजून तिच्यावर ओरडू नकोस. बाबांनीच सांगितलं. ते वॉचमनचा पंखा पुन्हा एकदा बघायला खाली गेले होते. तो म्हणाला, "रहने दो चाचा. साब ने ग्रुप पे डाला है, आपका दिमाग ठीक नहीं." बिचाऱ्याला लपवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून माझ्याकडे आले. चपला काढल्या आणि गप्प बसून राहिले. बाबा आणि गप्प! मी कपाळाला हात लावून ताप बघितला. माझी शिलाई मशीन सारखी धागा तोडत होती, म्हटलं याने तरी बोलायला लागतील. "बाबा, बघा ना जरा." पेचकस घेतला, वरची पट्टी उघडली आणि हात थांबला.

"वनू, मी मगाशी चा घेतला का न्हाय?"

"घेतलात की."

"तुज्या लग्नाला मांडव अंगनात व्हता ना? का गच्चीवर?"

"अंगणात, बाबा."

मान हलवली. बरोबर आलं म्हणून! रवी, ते स्वतःची परीक्षा घेत होते रे. माझ्याकडून उत्तरं तपासून घेत होते. तरी खात्री पटेना. म्हणाले, "रवी शिकलेला हाय, त्याला कलत असंल. उगा माज्या हातून आनखी बिघडल." पेचकस खाली ठेवला आणि म्हणाले, "मेकॅनिक बोलव."

आपल्या घरात कधी मेकॅनिक आलेला आठवतोय तुला?

मी दारामागे जाऊन रडले. राहा म्हटलं, राहिले नाहीत. "रवीला वाईट दिसंल," म्हणाले.

मग तुझा फोन, "ताई, बाबा किती शांत झालेत बघ." शांत! लिफ्टमधली माणसं त्यांना बघून पोरं जवळ ओढायची, बोलणार कुणाशी? पुढे छातीत पाणी झालं, दवाखाना झाला, संपलं. डॉक्टरांनी लिहिलेल्या कारणावर मला वाद घालायचा नाही. पण मला तुझा राग आहे आणि तो वर्षभरात तसूभर कमी झालेला नाही.

तर ऐक. मी येते. खीरही करून आणते. आदरांजलीला पहिला तू उभा राहा. त्याच माणसांसमोर सांग, बाबांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं, मी रागाच्या भरात खोटं लिहिलं. एवढं बोललास की मी उठेन आणि तुला हवं ते बोलेन. समाधानात होते म्हणेन, राजासारखे होते म्हणेन. माझं खोटं मी सोसेन.

तू गप्प बसलास, तर मी वॉशिंग मशीनपासून सुरुवात करीन. माझा आवाज बाबांवर गेलाय, मला माइक लागणार नाही.

माधवी आणि संघरत्ना, दोघी मायलेकींना जयभीम.

खाली 'तुझी ताई' लिहायला हात उचलत नाही. ते त्या दिवशी तू काय बोलतोस त्यावर.

डोकं शाबूत असलेल्या बाळाराम जॉबरची मुलगी,
वनिता