चढलेलं बीम

मामा, आज तुमच्यावर लय चिडलोय. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण जिवंत होतात तेव्हा तुम्ही कुठं भांडू दिलंत? नववीतून शाळा सोडून तुमच्या विट्याच्या यंत्रमागाच्या शेडात मागावर उभा राहिलो तो तुमच्या भरवशावर, आणि तुम्ही आठही माग एका दिवसात उधारीपायी सूतवाल्या शेठच्या टेम्पोत चढवून दिलेत.

आता ऐका. इथं सिंगापुरात मी ज्या वर्कशॉपात वेल्डिंग करतो, त्याचा मालक बुडालाय. आमचे पगारही अडकलेत. मला वाटलं, झालं, लागलं कुलूप. पण मालक स्वतःच कोर्टात गेला आणि कोर्टानं घेणेकऱ्यांना सांगितलं, काही दिवस कुणी मशीनला हात लावायचा नाही. मालक खुर्चीवर तसाच. कुणाचं कसं फेडणार ते त्यानं मांडायचं, आणि एकूण येण्यातलं रुपयात बारा आणे ज्यांचं आहे त्यांनी होकार दिला, की कोर्टाचा शिक्का. आमचा तमिळ सुपरवायझर म्हणाला, आपल्या भारतातही असा कायदा झालाय, पण तिथं बहुतेक वेळा मालकाला उठवून दुसरा माणूस बसवतात. छोट्यांसाठी मालकाला ठेवून करायची वाट आहे, तीही कंपनीवाल्यांनाच.

"और आठ लूमवाला?" मी विचारलं.

"उसको कौन पूछता है!" म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही.

शेठ आला तो दिवस डोळ्यांसमोर आहे. सात माग थांबलेले, आठव्यावर ताण्याचं बीम चालू, त्या रुळावर थोडंच सूत राहिलेलं. चढलेलं बीम अर्ध्यात कापायचं नाही, हे शेठलाही मान्य. "संपू द्या, मग बघू," म्हणत तो टेम्पोत जाऊन बसतो. तुम्ही त्याला चहा पाठवताय. भिंतीला अजून दोन भरलेली बीमं टेकून उभी आहेत. मी तुमच्या कानाशी लागतो, "आवं मामा, दुसरं चढवूया. बसंल की त्यो अजून चार दिस."

"गप रं. सूत त्याचं हाय. त्याच्या घरातबी चूल हाय न्हवं?"

"आन् आपल्या?"

"माग बघ तुझा. धागा तुटलाय."

ही कसली माणुसकी, मामा? इथली माणसं जो वेळ कोर्टात जाऊन मागतात, तो तुमच्या भिंतीला टेकून उभा होता! संध्याकाळी माग खोलायला पाना तुम्हीच धरलात. नंतर वर्षभर रिकाम्या शेडात बसून राहिलात, आणि गेलात.

उद्या आम्हाला मालकाच्या फेडीच्या मांडणीला हो की नाही सांगायचंय. व्हय, मीबी आता घेणेकरी. हो म्हटलं तर वर्कशॉप चालू, पगार हप्त्याहप्त्यानं. नाही म्हटलं तर मशीनं विकायची आणि कामगारांना आधी द्यायचं, असं सांगतात. काल जेवणाच्या सुट्टीत माझ्याच वेल्डिंग मशीनवर हात ठेवून मी विचार करत होतो, हे उचलून विकलं तर किती येईल. त्या दिवशी शेठला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या मी! आता आठवतंय, त्यानं चहा घेतला, पण दिवसभरात एकदाही आत येऊन बीम किती राहिलं ते बघितलं नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून खरं लिहितो. उद्या हो म्हणणार आहे. पण तुमच्यासारखं मनापासून नाही, मामा. थांबेन, पण येणं सोडणार नाही. शेठसारखं, टेम्पोत बसून.