कंट्रोलरवरचं कुंकू

पांढुर्णा, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८८

हुश्श. डिस्क जिवंत आहे.

सकाळी जिनिंगच्या हापिसातला कॉम्प्युटर डिस्क ओळखेचना. गेल्या हंगामातल्या साऱ्या कापूस-खरेदीचा हिशेब तिच्यावरच. झाकण उघडलं, तर डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलर कार्डाच्या, खाचेत बसणाऱ्या दातांवर वाळलेलं कुंकू. काल मुनीम देवरावभाऊंनी यंत्रपूजा केली, बंद मशीनवर कुंकवाचं पाणी शिंपडलं. फटीतून आत गेलं असणार. कार्ड काढून खोडरबरानं घासलं, परत बसवलं. मशीन चालू केलं, सगळा हिशेब दिसला.

"म्या त त्याचं भलंच करून राह्यलो होतो," देवरावभाऊ हिरमुसले. मी चिडणार, तेवढ्यात त्यांनी चिमूटभर कुंकू माझ्याच कपाळाला लावलं. "पुढच्या साली पूजा तुहीच, मशीनची नाही."

कार्डावरचं पुसलं. हे राहू दिलं.