निकिताचा टॅप

नाशिक, रविवार दुपार

प्रिय निकिता,

तू पाठवलेला आवाजी निरोप बुधवारपासून मी सात वेळा ऐकलाय आणि उत्तरादाखल तुला फक्त एक अंगठा पाठवला, तोही दुसऱ्या दिवशी. राग आला असेल तुला. फोन करायचा सोडून ही बाई कागद-पेन घेऊन बसली म्हणून हसशीलही. हस. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू मध्ये बोललीस की मला जे सांगायचं असतं ते मी गिळून टाकते. तेरा वर्षं हेच चाललंय. म्हणून आज पत्र लिहितेय.

जूनमध्ये तुम्ही सिन्नर सोडून नाशिकला राहायला येताय आणि मनालीला माझ्या ज्युदोच्या क्लासला घालायचं ठरवलंय. शाळेच्या रिक्षात एक मोठा मुलगा तिची वेणी ओढतो आणि ही गप्प बसते, हेही सांगितलंस. मग म्हणालीस, "तिला शिकव गं रोहिणी, दुसऱ्या कुणाच्या हातात मी पोरीला देणार नाही." मी ऑफिसात होते. फाइल तोंडापुढे धरून रडले. झाडायला येणाऱ्या कुसाबाईंनी विचारलं, "काय झालं मॅडम, घरी समदं बरं हाय ना?" डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून सांगितलं. मला वेळेवर थाप सुचते, हे तुला लवकरच कळेल.

आधी क्लासचं सांगते, म्हणजे पोरीला तू कुठे पाठवतेयस याचा तुला अंदाज येईल. शनिवार-रविवार मिळून तीसेक मुली येतात. आया पहिल्याच दिवशी विचारतात, "मारायला कधी शिकवणार?" मी सांगते, पहिले सहा आठवडे फक्त पडायला शिकवणार. त्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. एक तर म्हणाली, पडायला तर ती घरीच शिकलीय, त्याची फी कशाला? आपल्यालाही असंच वाटायचं, आठवतं? विहाराच्या हॉलमध्ये त्या फाटक्या मॅटवर जयराम सर आपल्याला तासभर नुसतं आपटायला लावायचे. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात जमिनीवर सपाट. "मारायला काय, कुनीबी मारतं. पडून उठता आलं पायजे. ज्याला पडायची भीती नाय, त्याला कोन काय करनार?" आता माझ्या मुलींना मी हेच सांगते, फक्त जरा शुद्ध भाषेत, त्यामुळे त्यातला अर्धा जीव जातो.

पडणं जमलं की पकड, आणि पकडीनंतर तोल. समोरचा ढकलतोय तर तू ओढ, तो ओढतोय तर तू ढकल. त्याचीच ताकद त्याला नडली पाहिजे. हे सगळं समजायला सोपं आहे गं, पण अंगात उतरायला एक माणूस लागतो, जो आपल्यासाठी पुन्हा पुन्हा पडेल. माझ्यासाठी ती तू होतीस. मी खांद्यावरची फेक शिकले ती तुझ्या पाठीवर. बुद्धपौर्णिमेच्या प्रात्यक्षिकात टाळ्या मला मिळायच्या, कारण पडायचीस तू, आणि अशी पडायचीस की बघणाऱ्याला वाटावं मी पहिलवान आहे. माझ्या आईने तेव्हा कॉलनीभर सांगितलं होतं की रोहिणी माणसं फेकते. खरं तर रोहिणी फक्त निकिताला फेकायची. तुझ्याएवढं मी कुणावर प्रेम केलं नाही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. वेळ चुकीची आहे, पण सांगून ठेवते.

आणि सगळ्यात शेवटी कुलपं. कोपर उलटं वाकवायचं, गळा आवळायचा. हे शिकवायच्या आधी मी मुलींना टॅप शिकवते. दुखायला लागलं की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा हात मारायचा, आणि समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. का, किती, खरंच दुखतंय का, काही विचारायचं नाही. सर म्हणायचे, अख्ख्या ज्युदोत देव कुठं आसंल तर हितं हाय. आपल्या दोघींत तर टॅपची एवढी सवय होती की आपण कधी ओरडलोच नाही. तुझं बोट माझ्या बाहीला लागलं तरी मी सोडायचे. इतर पोरी किंचाळायच्या, आपण शहाण्यासारख्या नुसता टॅप करायचो.

मालेगावची स्पर्धा तुला आठवते, मला तर झोपेतही आठवते. त्या उंच मुलीने टॅप केला, मी सवयीने हात सोडला. पंचांनी बघितलं नव्हतं. ती म्हणाली, मी टॅप केलाच नाही, आणि पुढच्या मिनिटाला मला पाडून जिंकली. परतीच्या एसटीत चांदवडला सर माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "स्पर्धेत पंच थांबवत नाय तवर सोडायचं नाय. लय भोळी हायेस तू." नियमाने त्यांचं बरोबरच होतं. मी ते डोक्यात पक्कं बसवलं.

त्यानंतर चार महिन्यांनी राज्याची निवड. बावन्न किलो गटात तू आणि मी. सर आधी म्हणाले होते की दोघींपैकी एकीने वजन वाढवून सत्तावन्नमध्ये जावं, म्हणजे दोघींना संधी. तू महिनाभर शेंगदाणे आणि केळी खाल्लीस, दीड किलोच्या वर काटा हलला नाही. मी वाढवते म्हणाले आणि गुपचूप चपात्या कमी केल्या. हेही तुला माहीत नाही. अंतिम लढतीत आपणच समोरासमोर आलो. तू मला आधी फेकलंस, छान फेकलंस, पण माझी पाठ पूर्ण टेकली नाही म्हणून लढत चालू राहिली. मग खाली मॅटवर तुझा हात माझ्या हातात आला, मी पाय टाकून कोपर ओढलं. पंच माझ्या पाठीमागच्या बाजूला होते, तुझा मोकळा हात त्यांना दिसत नव्हता. पुढचं तुला माहीत आहे. तू ओरडली नाहीस. तो आवाज मात्र सगळ्या हॉलने ऐकला.

दवाखान्यात तुझा हात प्लास्टरमध्ये होता आणि तू मला विचारलंस, "माझा टॅप कळला नाही का गं तुला?" मी म्हणाले, नाही गं, कळलाच नाही. तू लगेच माझीच समजूत घातलीस, की हॉलमध्ये गोंगाट होता, ड्रेस जाड असतो, तुझाच हात हलका पडला असेल. मी मान हलवली. पुढे तुझं कोपर सरळ झालं नाही, पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तुला बाजूला काढलं, आणि ज्या प्रमाणपत्रावर मला खेळाडू कोट्यातून नोकरी लागली ते त्याच निवडीतून पुढे मिळालेलं होतं. पहिल्या पगाराचे पेढे मी तुझ्याकडेच आणले. तू वाकड्या हाताने मला पेढा भरवलास. तुझ्या लग्नात बांगड्या भरताना कासारीण म्हणाली, "पोरी, हात जरा सरळ धर," आणि तू हसत म्हणालीस, "एवढाच होतो मावशी." मी तिथून उठून मागच्या दाराला गेले होते. तुला वाटलं, तुझं लग्न होतंय म्हणून मी रडतेय.

तशी मी क्लासमध्ये फार कडक बाई आहे. टॅपनंतर अर्धा क्षण जरी कुणी पकड ठेवली तरी महिनाभर बाहेर बसवते. गेल्या महिन्यात एका मुलीला असंच बसवलं. तिची आई भांडायला आली, एवढीशी चूक तर होती म्हणाली. मी हजेरी घ्यायला वळले.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या निरोपाच्या शेवटी तू म्हणालीस, "आणि तिला टॅप आधी जोरात करायला शिकव हां, तिची आई हलक्या हाताची, म्हणून बसली हात वाकडा करून." म्हणालीस आणि हसलीस. मागून मनाली ओरडली, "मम्मी, एवढा जोरात?" आणि टेबलावर की कशावर दोनदा हात आपटल्याचा आवाज आला. निकिता, पहिला टॅप मला कळला होता. दुसराही कळला होता. मांडीवर सपाट हात, जसा सरांनी शिकवला तसा. मालेगाव मनात आलं हे खरं, पण तू टॅप करून नंतर 'केलाच नाही' म्हणणार नाहीस, तू खोटं बोलणारी नाहीस, हेही मला त्याच क्षणी माहीत होतं. तरी मी सोडलं नाही, उलट आणखी ओढलं, कारण पंच बघत नव्हते आणि मला पुढे जायचं होतं. मनालीला माझ्याकडे पाठवायचं की नाही ते तू ठरव. सातपूरला मुझफ्फर सर छान शिकवतात, त्यांचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय. नाही पाठवलीस तर मी कधी का म्हणून विचारणार नाही. फक्त आई हलक्या हाताची होती असं त्या पोरीला पुन्हा सांगू नकोस. तुझ्या हातात काही कमी नव्हतं.

तू ठेवलीस तर तुझीच,
रोहिणी