आधी प्रवाळ, की आधी मासे?

६ जानेवारी २०२५

पाणी तयार झालं म्हणे! मतीन आज बीडहून आला, कसल्या कसल्या कागदी पट्ट्या बुडवून बघितल्या, रंग जुळवले आणि म्हणाला, "नाना, पिकलं पाणी." पाच आठवडे काचेच्या टाकीत नुसत्या दगडांवरून खारं पाणी फिरवत बसलोय. आढीतला आंबा आठ दिवसांत पिकतो!

आता पुढचा घोळ. आत आधी काय सोडायचं, प्रवाळ की मासे?

मतीनचं रंगीत माशांचं दुकान आहे. हयात गोड्या पाण्यात गेली, खाऱ्या पाण्याची त्याचीही ही पहिलीच टाकी. म्हणजे गुरू-शिष्य दोघेही बिगरीत! तो म्हणतो, "मासा टाका आधी. टाकी जिंदा दिसंल. पोवळ्याचं बघू मागून."

माझ्या मनात आधी प्रवाळ. आधी घर, मग राहणारे.

आमच्या हिला, सिंधूला विचारलं. खाटेवरून म्हणाली, "मासेच आणा." का, ते सांगितलं नाही.

९ जानेवारी

मोबाईलवर पुण्याच्या एक बाई सांगतात — आधी प्रवाळ, आणि त्यानंतर शहात्तर दिवस टाकीत मासा नको. दगडाला, प्रवाळाला रोगाचे बारीक जीव चिकटून येतात. मासा मिळाला नाही की उपाशी मरतात. मासे आधी टाकले, त्यांना पांढरे ठिपके आले, तर औषध घालावं लागतं. ते औषध प्रवाळाला विष.

पटलं. पुढच्याच चित्रफितीत एक गृहस्थ बरोबर उलट सांगतात. तेही पटलं! मोबाईल उशीखाली टाकला.

तीस वर्षं कालवा निरीक्षक होतो. पाण्याची पाळी आधी शेवटच्या शेताला की पहिल्या, यावरून डोकी फुटायची. ती भांडणं मिटवली मी. आणि ही दीडशे लिटरची टाकी मला ऐकत नाही.

१२ जानेवारी

आज सकाळपासून पाचवीतली समुद्राची कविता डोक्यात. चाल आठवते, सगळी कडवी आठवतात, कुठे श्वास घ्यायचा तेही आठवतं. वर्गात एकानेही समुद्र पाहिला नव्हता. गुरुजींनीही नाही! त्यांनी आम्हाला गावच्या तलावावर नेलं आणि म्हणाले, "असाच असतो. फक्त पलीकडचा काठ मनातल्या मनात पुसून टाका." आम्ही चाळीस पोरं डोळे बारीक करून काठ पुसत उभी!

लग्नानंतर सिंधूला मी चिठ्ठी लिहिली होती —

सिंधु तुझे नाव, सिंदफणा काठ
दाखवीन लाट सागराची

त्रेचाळीस वर्षं झाली. आधी नोकरी, मग बहिणीचं लग्न, मग आमच्या रोहिणीचं शिक्षण. पाहिला नाही समुद्र तिने. आता "चल" म्हटलं तर ती येत नाही. "गर्दीत धक्के खायला मला न्हाई जमायचं." गुडघे आहेत, ते एक. खरं कारण डोळे. काचबिंदू. कडेकडेने अंधार आत सरकत आलाय. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाका, उरलीय ती राखा. आता पुंगळीतून पाहावं तसं समोरचं वाटोळं तेवढं दिसतं, असं ती सांगते.

तेवढ्या वाटोळ्यात समुद्र बसवायचाय मला. ते मिटायच्या आत. म्हणून प्रवाळ! प्रवाळ जागचं हलत नाही. एकदा नजरेत धरलं की धरलं. मासा तर सुळकन बाहेर.

१५ जानेवारी

बबनराव आले होते. शेजारी. धरणाचे दरवाजे उघड-बंद करण्यात त्यांची सारी नोकरी गेली, त्यामुळे पाण्याविषयी आपलं मत शेवटचं असं त्यांना वाटतं.

"काय वो नाना, पोवळं अंगठीत घालत्यात, टाकीत न्हाई! टाकीच्या पत्रिकेत मंगळ हाय का?"

सिंधू पदर तोंडाला लावून हसली. मी म्हटलं, हे जिवंत असतं. "मंग तर बोटात घालूच नका," म्हणे. मूर्ख माणूस.

ते गेल्यावर सिंधूला परत समजावलं. वाटोळं, स्थिर, रंग, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली —

"आवं, पोवळं हलत न्हाई, मी बी हलत न्हाई. दोघांनी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसायचं का?"

मी परत पहिल्यापासून सुरू केलं. तिने कूस बदलली.

२० जानेवारी

ठरलं. प्रवाळ! मतीनला फोन केला. तो नाखूश. "तुमची मर्जी, नाना. पर एक ध्यानात ठिवा, तांब्याचं पाणी बिलकुल नको. पोवळं खलास."

बरोबरच आहे. तांब्या दहा जणांच्या हातातून जातो, बोटं बुडतात, तोंडाला लागतो. संध्याकाळी जाऊन प्लास्टिकचा कोरा मग आणला. वर बॉलपेनने लिहिलं — "समुद्राचा. हात लावू नये."

सिंधूला सांगितलं. म्हणाली, "मासे न्हाई ना मंग." एवढंच.

२६ जानेवारी

आले! मतीन स्वतः घेऊन आला. शर्टाच्या बटणाएवढे गोल गोल जीव, एका दगडावर दाटीने बसलेले. पिशवीतून टाकीत ठेवले तेव्हा मिटलेले होते. दुपारी एकेक करून उघडले. झगझगीत हिरवे, मध्ये केशरी टिंब. मी मोठ्याने म्हणालो, "सिंधू, बटणं उघडली! हिरवीगार!"

"हां. हिरवीगार हायत. छान."

"कोणत्या कोपऱ्यात, सांग बरं?"

"आवं दिसतेत की! शाळा घेता का माझी?"

हसलो. निरीक्षकाची सवय. टाकीसमोर खुर्ची ओढून पाचवीची कविता पूर्ण म्हणून दाखवली तिला.

५ फेब्रुवारी

नाशिकहून रोहिणीचा फोन. "बाबा, आईच्या डोळ्यांची तपासणी चुकवली ना तुम्ही?" मी चुकवली नाही! दोनदा नंबर लावला, दोनदा हिचे गुडघे दुखले. आज परत विषय काढला. "हाय तेवढं हाय. उगं फेरी कशाला?" वैताग! एका घरात दोन हट्टी — एक टाकी, एक बायको.

८ फेब्रुवारी

उन्हं वाढली, पाणी रोज बोटभर उडतं. मीठ उडत नाही, पाणी तेवढं उडतं, म्हणून रोज बिनमिठाचं शुद्ध पाणी वरून घालावं लागतं. मगाने. नेमाने. कधी चुकलेलं नाही.

११ फेब्रुवारी

निम्मी बटणं उघडलीच नाहीत.

१३ फेब्रुवारी

आज एकही नाही. मतीन म्हणतो, "रुसलं असंल, नाना. दोन दिस द्या." प्रवाळसुद्धा रुसतं! मग माझ्या घरी यायलाच नको होतं त्याने, इथे रुसणारं माणूस आहे आधीच.

२२ फेब्रुवारी

कडेची बटणं गळून गेली. उरलेली भुरकट पांढरी. दिवा, पंप, मीठ, सगळं तीन-तीनदा तपासलं. सगळं बरोबर! मग मरतंय कशाने?

खुर्चीत डोकं धरून बसलो होतो. सिंधू म्हणाली, "कावून असं करता? हिरवंगार तर हाय सगळं."

एकदम भडकलो. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस म्हणालो. मी काय कुक्कुलं बाळ आहे! रात्री जेवताना पोळीवर तिने तूप जास्त घातलं होतं.

२८ फेब्रुवारी

आजचं लिहायलाच पाहिजे.

मतीन आला. पट्ट्या बुडवल्या, डोकं खाजवलं. "रोज वरून पाणी कुठलं घालता?"

"जारचं. फिल्टरचं."

"जारातून थेट?"

"थेट कसं? जारवाला रिकामा जार लगेच मागतो. हंड्यात ओतून ठेवतो."

"कुठाय हंडा?"

स्वयंपाकघरात नेलं. सिंधूच्या माहेरचा हंडा, दर गुरुवारी ती चिंच लावून घासते. सूर्यासारखा लखलखत होता. मतीनने हंड्यावर बोट वाजवलं.

"या अल्ला! नाना, हे तर तांबं हाय!"

"मग? तांब्याइतकं शुद्ध—"

"म्या सांगितलं न्हवतं? तांब्याचं पाणी बिलकुल नको!"

"म्हणून तर तांब्या बुडवत नाही! नवा मग आणलाय!" आणि तो मग मी त्याच्या नाकासमोर धरला.

तो मगाकडे बघतोय, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "नाना... म्या तांबं म्हणलं होतं. धातू."

तांबे — तांब्याचं. तांब्या — तांब्याचं. दोघांचंही सामान्यरूप एकच! व्याकरणात पैकीच्या पैकी मिळवणारा मी! अख्खा महिना रोज सकाळी प्रवाळाला मगाने विष पाजलं. नेमाने.

राग कुणावर काढायचा? सिंधूवर काढला. "कशाला एवढा घासायचा तो हंडा! कोण बघतं!"

"बघायचं काय त्यात? हाताला गुळगुळीत लागंस्तवर घासते मी," ती म्हणाली.

१ मार्च

मतीन म्हणतो, दगडांनी तांबं पिऊन घेतलंय. नुसतं पाणी बदलून भागणार नाही. या टाकीत प्रवाळ आता जगायचं नाही. "मासे जगतील. त्यांच्या ठिपक्यांचं औषधच तांब्याचं असतंय." पुण्याच्या बाई ज्याला विष म्हणत होत्या ते हेच! तेव्हाच नाव सांगितलं असतं तर काय बिघडत होतं त्यांचं?

दगडावरची मेलेली बटणं ब्रशने खरवडून काढली.

४ मार्च

काही नाही.

९ मार्च

सगळे दगड काढून दुसरे आणायचे, काच धुवायची, पाणी परत पिकवायचं, मग प्रवाळ. हिशेब केला, जून उजाडतो. सिंधूचं वाटोळं तोवर थांबेल का? याचं उत्तर कुठल्या चित्रफितीत मिळत नाही.

बबनरावांना कुणीतरी तांब्याची गोष्ट सांगितली. फाटकातूनच ओरडले, "नाना, चहा पितळेच्या कपात घेऊ का?" दार लावून घेतलं.

१४ मार्च

शेवटी सिंधूजवळ बसलो. म्हटलं, चुकलो. तू पहिल्या दिवसापासून मासे म्हणत होतीस. मी माझ्या कवितेत. आता सांग, जूनपर्यंत थांबून प्रवाळ, की आता मासे?

तिने माझा हात चाचपून हातात घेतला. "मासे. आन् आता तुमी मला कोपरे इचारू नका. बसा निवांत टाकीपुढं. लई दिस झालं, तुमी नुसते चिडता."

मासे, तर मासे! पण मनातून अजून पटलेलं नाही. सुळकन निघून जातात, ती काय बघणार? वाद घातला नाही. घालावासा वाटत होता.

१९ मार्च

मतीनला फोन. रोजे चालू आहेत त्याचे, आवाज बारीक. "ईद होऊ द्या, नाना. मुंबईहून मागवतो. केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचे, जोडी. रोजा हाय, झूट न्हाई बोलणार, कडक मासे हायत, मरायचे न्हाईत."

हंड्यात आता घरचं पिण्याचं पाणी. टाकीचं पाणी प्लास्टिकच्या पिंपात. पिंपावर काही लिहिलं नाही.

१ एप्रिल

मतीनच्या घरून शीरखुर्मा आला. मासे शुक्रवारच्या गाडीने येणार. सिंधूने दोनदा विचारलं, कितीची गाडी. आज कितीतरी दिवसांनी वेणी घालून बसली. मी सकाळी टाकीची काच पुसता पुसता कविता गुणगुणत होतो, तर खाटेवरून पुढची ओळ हिने म्हटली! इतकी वर्षं ऐकून ऐकून पाठ झालीय तिला. मला माहीतच नव्हतं.

४ एप्रिल

मासे आले नाहीत. स्टँडवर गाडी आली, खोकं नव्हतं. मतीनचा फोन, मुंबईहून निघालेच नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू. चिडचिडतच घरी आलो. काही न बोलता टाकीचं झाकण उघडलं, रोजचं पाणी ओतलं, दिवा लावला. आत नुसते दगड.

सिंधू खाटेवर उठून बसली. टाकीकडे तोंड. "आले का! अगं बाई, लई सुरेख फिरतेत. केशरी हायत, न्हाई का?"

मी टाकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

म्हणून मासे हवे होते तिला. प्रवाळ कुठे आहे ते बोट दाखवून सांगावं लागतं. मासा काय, कुठेही असतो.

तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "हो. दोन आहेत."